गायकाला नट म्हणणं जिवावर का यावं?

२०१६च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ लागला. त्यातला अंगभर गोंदवून घेतलेला, नशेत बुडालेला पॉपस्टार टॉमी सिंग शाहिद कपूरने केला. आणि ज्याच्या गाण्यांवाचून तेव्हा पंजाबात लग्नाची वरात हलत नव्हती, तो खराखुरा पॉपस्टार दिलजित दोसांझ खाकी घालून नाक्यावर उभा राहिला. त्याचा सरताज सिंग म्हणजे साधा असिस्टंट सब-इन्स्पेक्टर. हप्ता घ्यायचा, ट्रक सोडायचे, घरी जायचं. मग एक दिवस तोच माल त्याच्या धाकट्या भावाच्या शिरेत उतरलेला त्याला दिसतो. अभिषेक चौबेंच्या त्या चित्रपटात दिलजितला गिटार नाही, झगमगाट नाही, टाळीचं वाक्य नाही. गायक म्हणून मिळवलेलं सगळं बाहेर ठेवून तो आत आला होता.

तरीही गेली दहा वर्षं मी एकच सूर ऐकतो आहे. नाटकवाल्या मित्रांकडून ऐकला, समीक्षकांकडून ऐकला, मुंबई-पुणे प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडूनही ऐकला. ‘गायकाने गावं. दोन गाणी चालली की लगेच सिनेमा हवा. हा काही अभिनय नव्हे, प्रतिमेचा धंदा आहे.’ मला हे मत चुकीचं वाटतं. नुसतं चुकीचंच नाही, तर आपल्याच परंपरेला विसरून केलेलं वाटतं. म्हणून त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

आधी पूर्वपक्षाची बाजू तिच्या पूर्ण जोरानिशी मांडतो, कारण तिच्यात दुखरी जागा आहे. माझ्या ओळखीतला एक मुलगा मराठवाड्यातून आला आणि दहा वर्षं प्रायोगिक नाटकं करतो आहे. एका वेबमालिकेसाठी त्याच्या तीन ऑडिशन झाल्या. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाने खांद्यावर हात ठेवला, तारखा मोकळ्या ठेवायला सांगितल्या. पुढच्या आठवड्यात कळलं, भूमिका एका गायकाकडे गेली. कारणही सरळ सांगितलं गेलं: त्या गायकाचे इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, समोरचा चहा गार होऊन साय धरेपर्यंत बोलला नाही, आणि मग एवढंच विचारलं की आपण इतकी वर्षं आवाज कशासाठी घासला. त्याचा राग खरा आहे. मी त्याच्या बाजूने उभा आहे.

पण हा राग जातो कुणावर? भूमिका वाटणाऱ्या माणसाने अभिनय न बघता आकडे बघितले. दोष त्याचा. आपण मात्र त्या दोषावरून सिद्धान्त काढतो की गायकाला अभिनय येतच नाही. एका निर्मात्याच्या आळसाचं खापर एका अख्ख्या जमातीच्या माथी फोडण्यासारखं हे आहे.

शिवाय, लोकप्रियतेच्या जोरावर पडदा जिंकता येतो हे गृहीतच कच्चं आहे. दिलजितचीच सुरुवात बघा. २०११ साली ‘द लायन ऑफ पंजाब’ आला. त्यातलं ‘लक २८ कुडी दा’ गाणं गावोगाव वाजलं आणि चित्रपट पडला. त्याच प्रेक्षकांनी त्याच माणसाचं गाणं डोक्यावर घेतलं आणि सिनेमा खाली ठेवला. पुढच्या वर्षी ‘जट्ट अँड ज्युलिएट’ तुफान चालला, कारण त्यात कॅनडाला जायची स्वप्नं बघणारा, बढाईखोर आणि तरी गोड असा फतेह सिंग त्याने टायमिंगवर उभा केला होता. २०१४च्या ‘पंजाब १९८४’मध्ये, किरण खेर यांच्या समोर, तोच माणूस हसवणं बाजूला ठेवून धुमसत राहिला. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपटला, शिकला, उठला. नटाचं शिक्षण याहून वेगळं कुठे असतं?

दुसरा आक्षेप जास्त विद्वान आहे. गाणं ही आवाजाची कला आणि अभिनय ही देहाची, एकातलं दुसऱ्यात नेता येत नाही, असं म्हणतात. हे कुणी मराठीत म्हणावं याचं मला खरोखर दुःख होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपल्याकडे ‘गायक नट’ हा एकच शब्द होता, त्याचे दोन तुकडे नव्हते. भाऊराव कोल्हटकर आले, मग बालगंधर्व आले. पद सुरू झालं की अभिनय थांबला असं कुणी मानत नव्हतं, पदातच पात्राचं मन उलगडायचं. बोलपट आले तेव्हाही नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचा आणि वाजवणारे चौकटीबाहेर दडून बसायचे.

ही फारकत झाली १९३५च्या सुमारास. न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’मध्ये नितीन बोस आणि रायचंद बोराल यांनी पार्श्वगायनाचं तंत्र रुळवलं. आवाज आधी मुद्रित करायचा, ओठ नंतर हलवायचे. कॅमेरा मोकळा झाला, नटाला सुराची धास्ती उरली नाही, आणि पुढे त्यातूनच लता-रफींचं युग उभं राहिलं. त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण ती तंत्राची सोय होती. पिढ्यान्‌पिढ्या ती वापरता वापरता आपण तिलाच निसर्गनियम समजू लागलो.

आता कुणी बालगंधर्वांचंच उदाहरण माझ्यावर उलटवेल, आणि ते मला मान्य करावं लागेल. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना एकनाथांच्या भूमिकेत आणलं. महाराष्ट्राने ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला त्या नटाची जादू पडद्यावर तशी उतरली नाही. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातमध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला आणि विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. तेही गाणारे, तेही पूर्वी स्त्री-भूमिका केलेले. पागनीस अभंग म्हणू लागले की बघणाऱ्याला देहूच्या वाण्याशिवाय कुणी दिसत नसे. चित्रपटाची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. दोघेही गायक, दोघेही संगीत रंगभूमीच्या मुशीतले, एकच कंपनी, एका वर्षाचं अंतर. मग फरक कशाचा? गाण्याचा खासच नाही. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरच्या भिंगासमोर स्वतःला आवरता येतं का, एवढाच प्रश्न असतो. तलत महमूद देखणे होते, आवाज तर मखमलीच. ‘सोने की चिड़िया’त नूतनसमोर उभे राहिले, पण नट म्हणून रुजले नाहीत. सोनू निगमही दोन-तीन चित्रपट करून परतला. गायक पडतात, जरूर पडतात. पण नाटकातले किती मातब्बर नट कॅमेऱ्यासमोर पडले याची यादी कुणी करत नाही आणि त्यावरून ‘नाटकवाल्यांनी नाटकच करावं’ असंही म्हणत नाही.

इथे माझ्या मंडनाची बाजू येते, आणि तिच्यासाठी ‘अमरसिंग चमकीला’ पुरेसा आहे. इम्तियाझ अलींचा हा चित्रपट १२ एप्रिल २०२४ला नेटफ्लिक्सवर आला. चमकीला म्हणजे मूळचा धनीराम, लुधियानाजवळच्या दुग्रीचा, दलित घरातला, कापडाच्या गिरणीत राबलेला. त्याच्या द्विअर्थी गाण्यांनी ऐंशीचं दशक दणाणून सोडलं. ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूरला कार्यक्रमासाठी गाडीतून उतरत असताना त्याला आणि गायिका असलेली त्याची बायको अमरजोत हिला गोळ्या घातल्या गेल्या. तो सत्तावीस वर्षांचा होता.

या चित्रपटातल्या आखाड्याच्या, म्हणजे गावोगावच्या गाण्याच्या जलशांतल्या, गाण्यांसाठी दिलजित आणि अमरजोत झालेली परिणीती चोप्रा चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायले. नव्वद वर्षांपूर्वीची ती रीत परत आली, आणि तिने काय केलं ते डोळे लावून बघावं. हातात तुंबी, ते एकतारी पंजाबी वाद्य. ओळ संपते तिथे छाती खाली येते, ती खरोखर दम संपल्यामुळे. लगेच नजर अमरजोतकडे वळते, कारण दोगाण्यात आता तिची पाळी असते आणि तिने सूर उचलला की नाही हे त्याला कळायला हवं असतं. ओठ हलवणारा नट त्या क्षणी भाव दाखवत राहतो. दिलजित ऐकतो. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो, तो आणून चिकटवता येत नाही.

आणि गाणं संपलं की तो लहान होतो. खांदे आत येतात, हसू माफी मागितल्यासारखं होतं. एक पत्रकार मुलगी त्याला त्याच्या अश्लील गाण्यांबद्दल टोकते, तेव्हा तो तिच्या नजरेला नजर देत नाही, मान खाली घालून हळू आवाजात बोलतो. आखाड्यात हजारोंना खेळवणारा हाच माणूस, आणि खोलीत एका सुशिक्षित मुलीपुढे त्याची जात, त्याची गरिबी त्याच्या मानेवर येऊन बसते. स्टेजवर फुलायचं आणि खाली उतरताच मिटायचं, हा सांधा दिलजितने दाखवला. तो सांधा त्याच्या ओळखीचा होता. दोसांझ कलां गावातून निघून गुरुद्वाऱ्यात कीर्तन करत गाण्याकडे आलेल्या मुलाला मोठ्या गर्दीपुढे कसं उभं राहायचं ते तर कळतंच, पण गर्दी गेल्यावर माणसाचं काय उरतं तेही कळतं. या भूमिकेसाठी २०२५मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमीचं अभिनेता म्हणून नामांकन मिळालं. ते मिळालं नसतं तरी माझं मत हेच राहिलं असतं.

राहिला प्रतिमेचा मुद्दा. पगडी, हसरा चेहरा, पंजाबीपण, ही सगळी दुकानाची पाटी आहे, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यांनी आपल्या हिंदी सिनेमातला सरदार आठवावा. ट्रक हाकणारा, नायकाचा भोळा दोस्त, विनोदाला हक्काचं गिऱ्हाईक. नायक शीख असेल तर २००८च्या ‘सिंग इज किंग’सारखी अक्षयकुमारला पगडी बांधायची. अशा ठिकाणी मुळातच पगडी बांधणारा माणूस ‘सूरमा’त हॉकीपटू संदीप सिंग झाला, ‘गुड न्यूज’मध्ये खदखदा हसवून गेला, २०२३ला कोचेलाच्या मंचावर पंजाबीत गायला आणि २०२५च्या मे महिन्यात मेट गालाला पाठीवर गुरुमुखी अक्षरांची केप मिरवत गेला. याला फक्त जाहिरात म्हणणाऱ्याने, वर्गात डोक्यावरच्या केसांवरून चिडवल्या गेलेल्या एखाद्या शीख मुलाशी दहा मिनिटं बोलून यावं.

आणि ज्याची प्रतिमा हे दुकान असतं, तो ते मोडायला तयार होत नाही. चमकीलासाठी दिलजितने पगडी उतरवून पडद्यावर यायचं कबूल केलं. केस कापायचे नव्हते, म्हणून विग घातला. स्वतःच्या लोकांचा रोष ओढवेल हे माहीत असूनही घातला. त्याच्याच ‘सरदारजी ३’मध्ये पाकिस्तानी अभिनेत्री हानिया आमिर होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर हा चित्रपट जून २०२५मध्ये फक्त परदेशात लागला आणि इथे त्याच्यावर चौफेर टीका झाली. त्या निर्णयाबद्दल लोकांची मतं तीव्र आहेत आणि ती असू शकतात. पण काल ज्याला गोड गोड ब्रँड म्हणत होतो त्याच्यावर आज बहिष्काराची हाक देतो, तेव्हा प्रतिमेचा धंदा म्हणजे बिनजोखमीची कमाई हे आपलं म्हणणं आपणच खोडून काढत असतो.

प्रतिमा पणाला लावल्याचं आणखी एक उदाहरण घ्या. जसवंतसिंग खालरा अमृतसरमध्ये बँकेत काम करत. स्मशानभूमीच्या नोंदी, जाळलेल्या लाकडांचे हिशेब चाळून त्यांनी पंजाबातल्या बेवारस म्हणून जाळलेल्या माणसांचा माग काढला. सप्टेंबर १९९५मध्ये त्यांना घराबाहेरून उचलून नेलं, ते परत आले नाहीत. हनी त्रेहान यांच्या ‘पंजाब ’९५’मध्ये दिलजितने त्यांची भूमिका केली आहे. सेन्सॉरकडे गेल्यापासून हा चित्रपट शंभरावर काटछाटींच्या मागणीत वर्षानुवर्षं अडकून पडला. पगडी, हसू आणि टाळ्या यांवरच ज्याचं पोट आहे, त्याला त्या फायली चाळणाऱ्या माणसाचा चष्मा डोळ्यांवर चढवायची काय गरज होती, हे पूर्वपक्षाने मला सांगावं.