टर्बोला गोधडी कशाला?

टर्बो गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हीट रॅप गुंडाळायचं खूळ बऱ्याच जणांना असतं. तर्क चुकीचा नाही बरं का! वायू गरम राहिला की टर्बाइनला जास्त ऊर्जा मिळते, टर्बो लवकर वेग घेतो, बॉनेटखालचा उकाडाही घटतो.

पण मंडळी, कोंडलेली उष्णता मॅनिफोल्डच्याच धातूत मुरते. पेट्रोल टर्बोत हा वायू ९०० अंश सेल्सियसच्याही पुढे जातो! शिवाय रॅप पावसात ओल धरतो, गंज वाढवतो, तडे झाकतो. ऑइल पाइपमधून तेल झिरपलं तर चक्क पेट घेऊ शकतो. रेसच्या गाडीची सारखी तपासणी होते, तिथे ठीक आहे. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला पत्र्याचं हीट शील्डच बरं. ते अंतर राखून उष्णता अडवतं, धातूला कोंडत नाही.

क्षणभराच्या लॅगसाठी मॅनिफोल्ड कशाला फोडायचा, सांगा बघू?