चूक अक्षरात होती, भात शेतात लोळला



परवा एका गटात खताच्या मेसेजमधली चूक दाखवली, तर उत्तर आलं, "शेतकऱ्याला शुद्धलेखन कशाला? भावार्थ कळला ना, बस्स." वर अंगठेही बरेच पडले. म्हणून आज स्पष्टच लिहितो. भावार्थाने खत टाकता येत नाही, खत किलोने टाकतात.

आधी माझीच चूक सांगतो. कोकणात सुधारित भाताला नत्र, स्फुरद, पालाश १००:५०:५० किलो अशी शिफारस आहे, ती हेक्टरी. दोन खरिपांमागे लावणीच्या चिखलातून आल्या आल्या मी घाईत "एकरी" लिहून मोकळा झालो. १०० किलो नत्र म्हणजे साधारण २१७ किलो युरिया. हेक्टरचे गुंठे साधारण १००, म्हणजे गुंठ्याला सव्वादोन किलोच्या आतच. आमच्या हेंद्रेपाड्याजवळच्या एका दादांचं खाचर २० गुंठ्यांचं. त्यांना ४५ किलोची एक गोणी पुरली असती. माझं वाचून त्यांनी तीन हप्त्यांत जवळजवळ अडीच गोण्या टाकल्या. भात काळाभोर झाला, आम्ही दोघंही खूश. परतीच्या पावसात सगळा आडवा. दादा एवढंच म्हणाले, "तू लिवलंस म्हणून टाकलं." माझी मान वर झाली नाही.

मी ऱ्हस्व-दीर्घाबद्दल भांडत नाही. "पाणि" लिहा नाहीतर "पाणी", पाटातून तेच वाहतं. पण आकडा, एकक आणि नकार या तीन गोष्टींना माफी नाही. चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधे २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी खोचतात. टिंब पडलं की २७ ग्रॅम. "फुलोऱ्यात फवारणी करू नये" यातली मोकळी जागा एक अक्षर पुढे सरकली की "करून ये". बोलून टाईप करणाऱ्यांनो, फोन ऐकतो, पण त्याला शेती कळत नाही.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हाला तर जास्तच सांगायचंय. तुमच्या नावापुढे पदवी दिसली की दादा आकडा तपासत नाहीत, सरळ दुकानात जातात. "घाईत राहून गेलं" हे तुमचं कारण त्यांच्या उधारीतून वजा होत नाही. आणि "नंतर दुरुस्त करू" म्हणणाऱ्यांनो, चुकीचा मेसेज तोवर दहा गटांत पोचलेला असतो. दुरुस्ती त्याच्या मागे धावत नाही.

भाताचं बी पेरण्याआधी आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवतो. पोकळ दाणे वर येतात, ते काढून टाकतो. मग दुसऱ्याच्या शेतात पडणारा शब्दच का न निवडता पाठवायचा?

फार काही लागत नाही. लिहून झालं की मोठ्याने वाचा. खताचा आकडा गुंठ्यावर आणून बघा. औषधाचा आकडा १५ लिटरच्या पंपावर आणा आणि बाटलीच्या लेबलशी ताडा. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. आमच्याकडे आता बायको वाचते, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे एकराला की हेक्टरला?"

पाच मिनिटं जातात. दादांचा अख्खा हंगाम गेला होता.

वरच्या आकड्यांत कुठे चूक दिसली तर लगेच सांगा. राग येणार नाही.