सांजेचा दीड तास आणि आपली लेकरे



उसाचे वाण, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या याविषयी आम्ही या पत्रिकेत नेहमी लिहितो. आज लेकरांविषयी लिहीत आहोत. विषय कारखान्याबाहेरचा वाटेल, पण उद्याचे सभासद हीच लेकरे आहेत.

रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कोणत्याही गावात दिवेलागणीला चक्कर टाका. पारावर चार पोरे बसलेली असतात, पण गलका नाही. चौघांच्या माना खाली, चौघांच्या हातात मोबाईल. आट्यापाट्यांच्या पाट्या आखलेल्या कुठे दिसत नाहीत. घरात माय हाक मारते, "जेवाले ये रे बाप्पा!" आतून उत्तर येते, "थांब ना, आलोच." शेवटी ताटच मोबाईलपाशी जाते.

मोबाईलला आम्ही नावे ठेवत नाही. पावसाचा अंदाज, बाजारभाव, बँकेत जमा झालेले बिल, सारे त्यावर कळते. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा धडेही त्यावरच आले. कित्येक बापांनी हातउसने करून पोरांना मोबाईल घेऊन दिला. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातून सुटला नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरच्या खेड्यांतील १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारले गेले. मोबाईल वापरता येणाऱ्या शंभर मुलांपैकी ५७ जणांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे मात्र ७६ होते.

आता प्रकृतीचे पाहू. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी. पाच ते सतरा वयाच्या लेकराने रोज निदान तासभर अंग घामेजेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पांघरुणात मोबाईल पाहणारे पोर झोप घालवते, आणि दिवसा पाहणारे खेळ घालवते. उजेडात, मोकळ्यावर न जाता सतत जवळचे पाहिले की दूरचे अंधुक दिसू लागते, मग लहान वयातच चष्मा येतो.

खेळाचे व्यसन हा तर आता रीतसर आजार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने तो आपल्या रोगांच्या यादीत घेतला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन. खेळणे आवरत नाही, त्यापुढे बाकी सारे मागे पडते, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. अशा खुणा दिसल्या तर मारझोड करू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो.

पण आम्हाला सर्वांत मोठी काळजी वेगळी आहे. माणसांत बसणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, भांडण झाले तरी उद्या पुन्हा बोलणे, हे पोर पारावर आणि खेळात शिकते. सहकार याच सवयीवर उभा आहे. शेजाऱ्याशी पाण्याची पाळी ठरवता येत नाही, तो उद्या वार्षिक सभेत काय बोलणार?

मग उपाय काय? दोन गावांची उदाहरणे सांगतो. पहिले आपल्या शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यातले. पुसद तालुक्यातील बांशीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला आणि मोडणाऱ्यास दोनशे रुपये दंड ठेवला. दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तेथे शेतकरी आणि साखर कारखान्यांतले कामगारच जास्त. या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरोघर टीव्ही बंद आणि मोबाईल बाजूला. मुले अभ्यासाला बसायची, मोठी माणसे वाचायची, बोलत बसायची.

दोन्ही गावांच्या धडपडीला आमचा नमस्कार. पण आमचा कल वडगावकडे आहे. दंड फक्त पोराला लावला की पोर मोबाईल लपवायला शिकते. बाप खाटेवर पडून मोबाईल पाहतो आणि लेकराला म्हणतो, "अभ्यास कर." त्याचे काहून ऐकावे त्या लेकराने? वडगावचा भोंगा लहानथोर सगळ्यांसाठी वाजला, हे त्यातले मर्म आहे.

दुसरे असे की हे काम एका घराने होत नाही. आपल्या घरी मोबाईल ठेवला तर पोर शेजारी जाऊन बसते, आणि एकटेच वेगळे पडले म्हणून रुसते. साऱ्या गल्लीने एकाच वेळी ठेवला तर रुसायला जागा उरत नाही, आणि खेळायला गडीही मिळतात. एकट्याच्या वावरातल्या उसावर कारखाना उभा राहत नाही, ही गोष्ट सभासदांना आम्ही वेगळी सांगायला नको.

कोणी म्हणेल, "रात्रपाळीला वीज, मोटार चालू करायला जावे लागते, मोबाईल कसा ठेवावा?" रास्त आहे. निकडीचा फोन घ्यावाच. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत माय-बाप पहाटेच निघतात, मागे राहिलेल्या लेकरांना मोबाईलच सांभाळतो. त्यांना नियम सांगण्याआधी त्या लेकरांच्या खेळाची आणि शाळेची सोय पाहावी लागेल. हे काम गावाचे आहे तसेच कारखान्याचेही आहे.

आमची सूचना साधी आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आया-बहिणींना आधी विचारा, कारण सांजेच्या मालिका त्यांनाच सोडाव्या लागतील. दीड तास जड वाटला तर एका तासापासून सुरुवात करा. कारखान्याच्या भोंग्यावर पाळी बदलते, हे आपण रोज ऐकतो. गावाच्या भोंग्यावर घराची रीत बदलायला काय हरकत आहे?

पटले तर गावात बोला. न पटले तर आम्हाला लिहा, आपल्या पत्रास पुढील अंकात जागा देऊ.