ओवाळणीचे बूट

भाऊबीज आली की भावाची बुद्धी साडीपलीकडे धावत नाही. माझीही आजवर धावली नव्हती. त्यामुळे दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मंचरहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि "दादा, यंदा मला साडी नको. पोरीला पळायचे बूट घेऊन दे, तीच माझी ओवाळणी," असे ती म्हणाली, तेव्हा खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. साडी घ्यायची म्हणजे पोत, काठ, पदर आणि बरोबर आलेल्या सौभाग्यवतींचा चेहरा, इतक्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. बुटांना काय, पायाचे माप सांगितले की झाले! हा भ्रम नारायणगावच्या दुकानाची पायरी चढेपर्यंत टिकला.

भाची बावीस वर्षांची आहे आणि पोलीस भरतीची तयारी करते आहे. मुलींच्या मैदानी परीक्षेला एकूण ५० गुण असतात आणि त्यांतले २० एकट्या ८०० मीटर धावण्याचे. चार सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण घसरतात आणि गुण घसरले की वर्ष जाते. तिचे एक वर्ष असेच गेले. ऐन मैदानाच्या तोंडावर नडगीने दगा दिला. पाऊल टेकले की कळ. डॉक्टरांनी तपासून सांगितले की बूट झिजले आहेत हे खरे, पण खरी चूक घाईची. महिनाभरात पळणे दुप्पट केले, हाडाला सवय व्हायला वेळच दिला नाही. बूट हा त्यातला एक लहान भाग. पण आईच्या मनाला लहान भाग दुरुस्त करणेच तेवढे हातातले वाटले असावे.

आपण शहरातली माणसे पळतो ती पोट कमी करायला. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी मुले-मुली नोकरीसाठी पळतात. त्यातून हा उसाचा पट्टा, म्हणजे बिबट्याचे माहेरघर. उजाडण्यापूर्वी एकटीने बाहेर पडायची सोय नाही. मग पाच-सहा जणींनी एकत्र पळायचे आणि कुणाच्या तरी घरच्या माणसाने बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहायचे, असा रिवाज पडला आहे. रविवारी ही मंडळी शिवनेरीला जातात आणि पायथ्यापासून सात दरवाजे ओलांडून वरपर्यंत चढतात. ही सगळी माहिती भाचीने मला दुकानाच्या वाटेवर दिली. मी ती ऐकली, पण मनावर घेतली नाही. ती मनावर घेतली असती तर पुढची फजिती टळली असती.

दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. पहिल्याचा तळ एवढा जाड की वर बूट आहे की खाली पाट आहे ते कळेना. अंगठ्याने दाबले तर ताज्या पावासारखा आत जाई आणि वर येई. दुसराही गादीचाच, पण बेताचा. दाबला तर थोडा दबे आणि मग नाही म्हणे. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती.

"मऊच घे," मी तत्काळ निकाल दिला. भावाची ओवाळणी आणि तीही स्वस्तातली, हे बरे दिसते का?

वाचकहो, मी अगदीच अडाणीपणाने बोलत नव्हतो. आठवडाभर मी या विषयाचा अभ्यास केला होता. बुटाच्या तळाचा हा फोम बहुधा इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट नावाच्या पदार्थाचा असतो. १९७० च्या दशकात तो पळण्याच्या बुटांत आला. त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. पाऊल पडले की ते दबतात, उचलले की फुगतात. शिवाय २०२० साली लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही बूट दिसायला सारखे, फरक फक्त तळाच्या मऊपणाचा. सहा महिन्यांत कडक तळ वापरणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या आणि मऊ तळाचा फायदा विशेषतः हलक्या अंगाच्या लोकांना झाला. आमची भाची तर वाऱ्याने उडेल अशी! मी हे सगळे दुकानदारासमोर ऐटीत सांगितले.

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, फिनलंडवाल्यांचं वाचलं का तुम्ही?"

मी वाचले नव्हते. तिने वाचले होते. २०१८ साली तिथल्या संशोधकांनी जाड गादीचे बूट आणि नेहमीचे बूट घालून लोकांना पळवले. हळू पळताना फारसा फरक दिसला नाही. वेग वाढला तेव्हा जाड गादीच्या बुटांत जमिनीचा धक्का उलट जास्त निघाला. गादी आहे म्हटल्यावर पाय गुडघ्यात कमी लवतो, काठीसारखा ताठ पडतो. आणि ८०० मीटर काही कुणी हळू पळत नाही.

म्हणजे एक प्रयोग मऊपणाच्या बाजूचा आणि दुसरा जाडपणाच्या विरुद्ध. निवाडा कुणी करायचा? कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर पायांचा अभ्यास करून २०१५ साली जे मांडले, ते कुठल्याही आजीने सांगितले असते: जो बूट आपल्या पायाला सुखाचा वाटतो, तो घ्यावा.

"पण सुखाचा कुठे वाटायला हवा?" भाची म्हणाली. "इथल्या गालिच्यावर का आमच्या रस्त्यावर?"

आणि तिने डाव्या पायात जाड, उजव्या पायात बेताचा असा बूट चढवला. अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते पाहिले. पळताना घालते तेच मोजे ती घरून घेऊन आली होती आणि संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात म्हणून दुकानात यायची वेळही तिनेच ठरवली होती. मग दुकानदाराची परवानगी घेऊन ती बाहेर पडली. डांबरावर दोन्ही पाय ठीक पडले. रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरली तेव्हा डावा पाऊलभर उंच बूट एकदा कलंडला. घोटा मुरगळला नाही, पण माझ्या छातीत धस्स झाले. शिवनेरीच्या दगडी पायऱ्या त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

"हा घेऊ," उजवा पाय पुढे करून ती म्हणाली. "मऊ आहे, पण खाली काय आहे ते कळतं."

मला त्या वेळी डेक्कन जिमखान्याची जुनी हकिकत आठवली. १९१९ साली दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिथल्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची मुले पाहून ते थक्क झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पळून एकोणिसावे आले. मी हे सांगून वर म्हणालो, "बघ, त्या काळी बुटांशिवाय चालत होतं."

"त्या काळी रस्ते मातीचे होते, मामा," ती म्हणाली. यावरही मला उत्तर सुचले नाही.

मी पाकिटातून उरलेल्या नोटा काढून तिच्या हातावर ठेवू लागलो, तेव्हा तिने त्या परत केल्या. "तुमच्याकडेच ठेवा. हा फोम पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये बसतो. मी आठवड्याला तीस-पस्तीस पळते. शिमग्याला दुसरा जोड लागेल." एका भारी जोडाच्या किमतीत दोन जोड, आणि मैदानाच्या वेळी पायात ताजी गादी! हा हिशेब तिने आधीच केला होता. दुकानात मी केवळ पैसे द्यायला होतो.

भाऊबीजेला बहिणीने ओवाळले. तबकात मी बुटांचे खोके ठेवले. तिने त्यालाही हळदकुंकू लावले, तेव्हा सगळे हसलो. तिच्या अंगावर दोन वर्षांपूर्वीचीच साडी होती. मी ती ओळखली, कारण मीच दिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती दाराच्या आवाजाने. बाहेर आलो. थंडी चांगली होती. मुली रस्त्याला लागल्या होत्या. अंधारात नव्या बुटांच्या पांढऱ्या टाचा तेवढ्या वरखाली होताना दिसत होत्या. उसाच्या कडेला बहीण बॅटरीचा झोत फिरवीत त्यांच्यामागे झपाझप चालली होती. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. लेकीचे जुने, तळ झिजलेले बूट तिने नाड्या करकचून बांधून घातले होते.

शिमग्याला अजून अवकाश आहे. पण दोन जोडांचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत. दुसऱ्या जोडाचे माप तेवढे गुपचूप विचारून घ्यायचे राहिले आहे.