उघडा पत्रा आणि भाट्याची रात्र

आजोबांची प्रीमियर पद्मिनी भाट्याला घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हापासून तिचं रिस्टोरेशन डोक्यात होतं. या दिवाळीत शेवटी हात घातलाच. भाड्याचा ग्राइंडर आणला आणि संध्याकाळपर्यंत दोन दरवाजे, बॉनेट एकदम चकाचक! नुसता रुपेरी पत्रा. ग्रुपवर फोटो टाकले. प्रायमर म्हटलं उद्या मारू..

सकाळी चहा घेऊन बघतो तर सगळीकडे केशरी छटा. बॉनेटवर तर माझ्याच बोटांचे ठसे उमटलेले. (घामातही मीठच की!)

बाबा एवढंच म्हणाले, "अरे, इतकी वर्षं त्या रंगानेच सांभाळलं तिला. तू एका दुपारीत काढलास."

कारण साधं आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे भाट्याला कोरडा दिसणारा पत्रा कोरडा असतोच असं नाही. यूट्यूबवरचे लोक कोरड्या गॅरेजमध्ये उघडी बॉडी महिनोन्महिने ठेवतात, ते इथे चालणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: 'आधी सगळी गाडी खरवडू, मग प्रायमर' हा प्लॅन किनाऱ्यावर चुकीचाच. एका दिवशी एकच पॅनेल. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं, मग खरवडायचं, थिनरने पुसायचं. हातमोजे घालूनच. आणि अंधार पडायच्या आत टू-पॅक इपॉक्सी प्रायमर. साधा राखाडी प्रायमर सच्छिद्र असतो, दमट हवा त्याच्यातून आत जाते. लांबीचंही तेच. 'प्रायमर मारलाय ना' म्हणून निर्धास्त राहू नका.

बिजागऱ्या, बोल्ट असल्या सुट्या भागांना इंजिन ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं. रंगवायच्या पत्र्याला मात्र तेल नको, रंग धरत नाही. आणि ब्रेकच्या ड्रमला लावलंच, तर बसवण्यापूर्वी स्वच्छ धुवा, नाहीतर गाडी थांबायची नाही!

एवढी काळजी कशाला? कारण गंज घासला की थोडा पत्राही जातो. कोडसारखं अनडू नाही इथे. माझ्या बॉनेटचा पत्रा तेवढा पातळ झाला, तो झालाच.

उरलेले दोन दरवाजे अजून आजोबांच्या रंगात आहेत. पुढच्या लाँग वीकेंडला एकच काढणार.