कार्यालयातील हिरवी पाटी आणि सिलतऱ्याचा धूर

5 जून जवळ आला की कार्यालयांना पर्यावरणाची आठवण होते. कागद जपून वापरा, पंखे बंद करा, प्लास्टिकचा पेला नको, अशा पाट्या भिंतींवर चढतात. आवारात एक रोप लावले जाते, त्याभोवती दहा अधिकारी उभे राहतात आणि छायाचित्र निघते. या सवयी वाईट आहेत, असे कोणीच म्हणणार नाही. आक्षेप आहे तो एवढ्यालाच ‘पर्यावरणस्नेही कार्यस्थळ’ म्हणण्याला. रायपूरमध्ये हा आक्षेप उघड्या डोळ्यांनी दिसतो.

रायपूरच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तेथे स्पंज लोखंड तयार होते. फिरत्या भट्टीत लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट घालून सुमारे 1000 अंश तापमानाला खनिजातील ऑक्सिजन काढला जातो. एक टन लोखंडामागे साधारण सव्वा ते दीड टन कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला 100 टन उत्पादन देणारी लहानशी भट्टीही रोज 125 टनांच्या पुढे कोळसा खाते. आता कार्यालयाचा हिशेब पाहा. कागदाच्या एका रीमचे वजन सुमारे 2.3 किलो. वर्षभरात हजार रीम वाचवले, तर सव्वादोन टनांहून थोडा अधिक कागद वाचला. तेवढ्या वजनाचा कोळसा ती एक भट्टी अर्ध्या तासात संपवते. कागद आणि कोळसा यांची ही तुलना काटेकोर नव्हे. पण प्रमाणाचे भान येण्यास पुरेशी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 सालच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत रायपूर जगात सातवे होते. वार्षिक सरासरी घनमीटरमागे 144 मायक्रोग्रॅम, म्हणजे संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या चौदा पट. पुढे 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूर, भिलाई आणि कोरबा या तिन्ही शहरांचा समावेश करावा लागला. चंद्रपूरच्या वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही.

या धुरावर उपाय नाही असेही नाही. विद्युत-स्थैतिक धूळरोधक, ज्याला कारखान्यात ‘ईएसपी’ म्हणतात, उच्च दाबाच्या विजेने धूलिकणांना भारित करून पत्र्यांवर खेचून घेतो. मात्र त्याला वीज लागते. तो बंद ठेवला की बिल कमी होते आणि काजळी शेजारच्या वस्तीच्या छपरांवर उतरते. कार्यालयात दिवा विझवला की वीज वाचते. भट्टीवर ईएसपी विझवला तरी वीज वाचतेच! ‘वीज वाचवा’ हा एकच निकष लावला, तर दोन्ही कृत्ये सारखीच हिरवी ठरतील. पाटीवरच्या पर्यावरणाचा पोकळपणा याहून वेगळा काय दाखवायचा?

शिवाय या धुराचा पहिला श्वास कोण घेतो? भट्टीजवळ उभा असलेला कामगार. बहुधा कंत्राटी, बहुधा तोंडाला गमछा बांधलेला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामातील धोक्यांची माहिती मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. पाणी जपून वापरण्याची सूचना त्याला रोज दिसते. चिमणीतून काल किती धूळ गेली, हा आकडा मात्र त्याच्या नजरेस पडत नाही. छत्तीसगडला हा विचार नवा नाही. शंकर गुहा नियोगी यांनी दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांमध्ये मजुरी, आरोग्य आणि जंगल हे प्रश्न एकत्र मांडले. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून तेथे शहीद रुग्णालय उभे राहिले. 1991 साली भिलाईत नियोगींची हत्या झाली.

‘फार कडक व्हाल तर कारखाने बंद पडतील, मजुरांच्या पोटावर पाय येईल,’ हे उत्तर ठरलेले असते. परंतु भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर बाष्पक बसवून वीज निर्माण करता येते. रोज 100 टन उत्पादनाच्या भट्टीमागे सुमारे 2 मेगावॉट. रायपूरमधील अनेक कारखाने ती करतातही. स्वतःच्या धुरातून वीज मिळवणाऱ्याने ईएसपीच्या विजेसाठी गरिबीचे सोंग आणू नये. आणि ज्या रोजगाराची किंमत फुप्फुसांनी चुकवावी लागते, त्याला मालकाचा उपकार म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. चिमणीतील धुळीचा रोजचा आकडा कारखान्याच्या दारावर, हिंदीत आणि छत्तीसगढीत, ठळक लावावा. ईएसपीला स्वतंत्र वीजमीटर असावा आणि त्याची रात्रीची नोंद कोणालाही पाहता यावी. कंत्राटी कामगाराचीही दरवर्षी फुप्फुसांची तपासणी व्हावी आणि अहवाल त्याच्या हाती द्यावा. व्यवस्थापकाची बढती लावलेल्या रोपांवर नव्हे, या नोंदींवर ठरावी.

हे सगळे झाल्यावर दिवे अवश्य विझवा, कागदही पाठपोट वापरा. तोवर ‘आमचे कार्यस्थळ हिरवे आहे’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : काल रात्री दोन वाजता तुमचा ईएसपी चालू होता का?