कँटीनमधलं ते टेबल

"अरे, त्यांनाच वेगळं राहायचं असतं. कँटीनमध्ये बघ, काळी पोरं एका टेबलावर, गोरी दुसऱ्या. कायद्याने कधी मनं जुळतात का?"

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांचा विषय निघाला की आपल्या आयटीवाल्या मंडळींकडून हे हमखास ऐकायला मिळतं. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. का, ते सांगतो.

वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल लागला १९५४ साली. लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये ९ काळी मुलं गेली १९५७ साली. पहिल्या दिवशी १५ वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच पोचली. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलंय हा निरोप तिला मिळालाच नव्हता, घरी फोन नव्हता! पुढे नॅशनल गार्डचे जवान, मागे शिव्या देणारा जमाव. मग आयझेनहॉवरने लष्कर पाठवलं, फोटो छापून आले, आणि आपल्यासाठी गोष्ट संपली.

त्या मुलांची तिथे सुरू झाली. जवान काही वर्गात किंवा बाथरूममध्ये सोबत येत नव्हते. डिसेंबरमध्ये कँटीनमध्येच पोरांनी खुर्च्या आडव्या घालून मिनीजीन ब्राऊनला अडवलं. तिच्या हातातलं चिली त्यांच्या अंगावर सांडलं. निलंबित कोण झालं? मिनीजीन. फेब्रुवारी १९५८मध्ये दुसऱ्या एका प्रकारावरून तिला शाळेतूनच काढलं. आणि १९५८-५९चं अख्खं वर्ष शहरातली सरकारी हायस्कुलंच बंद ठेवली गेली!

आता सांगा, अशा कँटीनमध्ये तुम्ही कुठल्या टेबलावर बसला असता? आणि ऑनसाइट गेल्यावर आपण चार मराठी टाळकी डबे उघडून एकत्र बसतो, ती काय 'वेगळं राहायची हौस' असते? तेव्हा ती 'आपली माणसं' असतात, नाही का?

बरं, प्रयोग फसला म्हणावं, तर डेटा उलटं सांगतो. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. एकत्र शाळेत शिकलेल्या काळ्या मुलांचं शिक्षण वाढलं, कमाई वाढली, तुरुंगात जाण्याचं प्रमाण घटलं. गोऱ्या मुलांचं काहीही बिघडलं नाही.

मग गाडं अडलं कुठे? १९७४ साली, डेट्रॉइटच्या खटल्यात. उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. ज्याला जमलं त्याने उपनगरात घर घेतलं, विषय संपला. आज आपली मंडळी रेटिंग बघून 'चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्ट'मध्ये घर शोधतात, ते याच कुंपणाच्या आत. पोरांसाठी चांगली शाळा बघण्यात गैर काहीच नाही. पण कुंपणाच्या आत बसून बाहेरच्यांना 'तुम्हालाच मिसळायचं नाही' म्हणायचं, हा शुद्ध कांगावा आहे.

मनं जुळवणं हे कायद्याचं कामच नव्हतं हो. त्याचं काम दार उघडायचं. ते त्याने केलं. आतलं टेबल लावायचं काम मोठ्या माणसांचं होतं, आणि ते आपण १५ वर्षांच्या पोरांवर ढकलून मोकळे झालो.